आपत्कालीन विभागातील डॉक्टरांचे काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, म्हणजे बहुतेक जण ज्याला कॅज्युअल्टी किंवा इमर्जन्सी म्हणतात तिथे, मी डॉक्टर म्हणून काम करतो. या कामाविषयी दोन प्रकारचे लोक प्रश्न विचारतात. एक म्हणजे स्वतःसाठी किंवा घरच्या कुणासाठी तिथे ताटकळत बसावे लागलेले लोक, आणि दुसरे म्हणजे ही शाखा निवडावी की नाही या विचारात असलेले वैद्यकीय विद्यार्थी. दोघांच्याही प्रश्नांची उत्तरे इथे एकत्रच दिली आहेत, कारण रुग्णाला जे खटकते तेच पुष्कळदा डॉक्टरलाही सर्वांत अवघड जात असते.

आपत्कालीन विभागातील डॉक्टर नेमके काय करतात?

इतर विभागांत रुग्ण येतो तेव्हा त्याच्या आजाराला बहुधा नाव मिळालेले असते, निदान तो कोणत्या अवयवाचा असावा याचा तरी अंदाज आलेला असतो. आमच्याकडे माणूस तक्रार घेऊन येतो: चक्कर आली, धाप लागते, पोटात कळा येतात, आजोबा सकाळपासून असंबद्ध बोलत आहेत. अशा वेळी आम्ही स्वतःला विचारतो तो पहिला प्रश्न असा, की या माणसाच्या जिवाला येत्या तासाभरात धोका आहे का? धोका असेल तर निदानाची वाट न पाहता तो आधी दूर करायचा, नसेल तर पुढे काय करायचे आणि कुठे पाठवायचे हे ठरवायचे. श्वसनमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा चालला आहे का, रक्ताभिसरण टिकून आहे का, मेंदू शुद्धीवर आहे का, हे याच क्रमाने पाहायचे आणि जिथे अडचण दिसेल तिथेच ती सोडवून मगच पुढे जायचे, ही आमच्या कामाची बैठक आहे. आजाराचे नाव त्यानंतर, आणि कधीकधी आमच्या हातून रुग्ण पुढे गेल्यावर दुसऱ्याच विभागात ठरते.

हा क्रम जगभर रूढ होण्यामागे एक दुःखद घटना आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिरोगतज्ज्ञांचे स्वतः चालवत असलेले छोटे विमान कोसळले. त्यात त्यांच्या पत्नीचा मृत्यू झाला आणि मुले गंभीर जखमी झाली. जवळच्या रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून त्यांच्या लक्षात आले, की तिथल्या डॉक्टरांना गंभीर जखमी माणसाकडे कोणत्या क्रमाने पाहावे याचे शिक्षणच कधी मिळालेले नव्हते. त्यातून १९७८ मध्ये एक प्रशिक्षणक्रम उभा राहिला, १९८० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला आणि आज आपत्कालीन विभागातील जवळजवळ प्रत्येक डॉक्टर तो शिकतो.

मी आधी आलो होतो, तरी माझ्यामागून आलेल्या रुग्णाला आधी आत का घेतले?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. आपत्कालीन विभागातील क्रम येण्याच्या वेळेवर ठरत नाही, तो धोक्याच्या तीव्रतेवर ठरतो. या वर्गवारीला ट्रायज म्हणतात. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक जाँ लारे यांनी जखमी सैनिकांवर हुद्द्याचा विचार न करता, जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करण्याचा पायंडा पाडला आणि त्या तत्त्वाचा धागा थेट आजच्या ट्रायजपर्यंत येतो.

आज अनेक ठिकाणी पाच गटांची पद्धत वापरतात. मँचेस्टरमध्ये तयार झालेल्या आणि पुढे अनेक देशांनी घेतलेल्या पद्धतीत लाल गटातील रुग्णाकडे तत्काळ, नारिंगी गटातील रुग्णाकडे १० मिनिटांत, पिवळ्याकडे ६० मिनिटांत, हिरव्याकडे १२० मिनिटांत आणि निळ्याकडे २४० मिनिटांत डॉक्टरने पोहोचावे असे अपेक्षित असते. ही वर्गवारी बहुधा अनुभवी परिचारिका करतात. नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, प्राणवायूचे प्रमाण, तापमान आणि शुद्धीची पातळी एवढे मोजून, रुग्णाकडे नीट पाहून, त्या दोन-तीन मिनिटांत निर्णय घेतात. माझ्या मते संपूर्ण विभागातील हे सर्वांत जोखमीचे काम आहे आणि त्याचे श्रेय त्यांना क्वचितच मिळते.

बाहेर थांबलेल्या माणसाला यातले काही दिसत नाही, हाच खरा पेच आहे. मनगट मोडलेला तरुण वेदनेने कळवळत असतो, आणि त्याच्यासमोरून एक शांत, थोडी घामेजलेली, कुठलीही तक्रार न करणारी वृद्धा व्हीलचेअरवरून थेट आत नेली जाते. त्या तरुणाची वेदना अगदी खरी असते आणि थांबत असतानाच त्याला वेदनाशामक औषध मिळायला हवे, पण गार पडलेली, घाम फुटलेली आणि बोलेनाशी झालेली व्यक्ती आम्हाला विव्हळणाऱ्या व्यक्तीपेक्षा अधिक घाबरवते. ओरडायला श्वास लागतो, ताकद लागते आणि शुद्ध लागते, त्यामुळे अचानक गप्प झालेल्या रुग्णाकडे आम्ही धावतो.

थांबत असताना त्रास वाढला, नवे लक्षण दिसू लागले किंवा माणूस झोपाळल्यासारखा वाटू लागला, तर ते ट्रायजच्या परिचारिकेला लगेच सांगावे. गट एकदा ठरला की कायमचा ठरला असे नसते, तो पुन्हा तपासता येतो आणि तपासला गेलाच पाहिजे.

एक ड्युटी साधारण कशी जाते?

ड्युटीची सुरुवात हँडओव्हरने होते. आधीच्या पाळीतील डॉक्टर प्रत्येक रुग्णाची माहिती देतात: कोण आहे, कशासाठी आला, काय केले, कशाची वाट पाहतो आहोत आणि कोणती गोष्ट बिघडू शकते. यातली शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची असते. ‘सात नंबरचा रक्ताचा अहवाल यायचा आहे’ या वाक्यापेक्षा ‘सात नंबरचे पोटॅशियम वाढलेले निघाले तर लगेच ईसीजी पाहा आणि कॅल्शियम द्या’ हे वाक्य पुढच्या माणसाच्या खरोखर उपयोगी पडते. पाळी बदलण्याच्या वेळी माहिती गळण्याचा धोका सर्वाधिक असतो, म्हणून चांगल्या विभागात हँडओव्हर खाटेजवळ उभे राहून आणि ठरावीक क्रमाने दिला जातो.

त्यानंतर सलग असे काही घडत नाही. एका रुग्णाची माहिती विचारत असताना परिचारिका दुसऱ्याचा ईसीजी दाखवायला आणते, तो वाचून सही करेपर्यंत प्रयोगशाळेतून धोकादायक अहवालाचा फोन येतो, तो नोंदवेपर्यंत रुग्णवाहिका दारात लागते. एकाच वेळी आठ-दहा रुग्ण एका डॉक्टरकडे असणे ही नेहमीची बाब आहे आणि त्यातील प्रत्येक जण वेगळ्या टप्प्यावर असतो. कुणाची तपासणी व्हायची असते, कुणाचा अहवाल यायचा असतो, कुणी सीटी स्कॅनला गेलेला असतो, कुणाला वॉर्डात खाट मिळायची असते. हे सगळे डोक्यात ठेवणे अशक्य असते, म्हणून फळा, संगणकाचा पडदा आणि खिशातला घडी घातलेला कागद यांवर भिस्त ठेवावी लागते. व्यत्यय आला की हातातले काम कुठवर आले होते ते लिहून मगच उठायचे, ही सवय नव्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यापासून लावून घ्यावी असे मी आग्रहाने सांगतो. विशेषतः औषधाची मात्रा लिहिताना मध्येच कुणी बोलावले, तर ती ओळ पूर्ण करावी किंवा खोडून टाकावी, पण अर्धवट ठेवू नये.

थरारक प्रसंग यात थोडे असतात. बराच वेळ नोंदी लिहिण्यात, फोनवर दुसऱ्या विभागाला रुग्ण समजावून सांगण्यात, जखमा धुऊन टाके घालण्यात, वृद्धांच्या औषधांच्या लांबलचक याद्या तपासण्यात आणि ‘घरी सोडू का’ या प्रश्नाचा विचार करण्यात जातो. जेवणाची वेळ ठरलेली नसते, आणि ती ठरवून एकमेकांना सोडवणारा विभाग हा रुग्णांसाठीही अधिक सुरक्षित असतो.

तीच माहिती चार जण चार वेळा का विचारतात?

रुग्णाला हे निष्काळजीपणाचे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक जण वेगळ्या हेतूने विचारत असतो: ट्रायजला तातडी ठरवायची असते, डॉक्टरला कारण शोधायचे असते, औषध देणाऱ्या परिचारिकेला ॲलर्जीची खात्री करायची असते. शिवाय माणसाला वेदनेत सगळे एकदम आठवत नाही. ‘कुठलेही औषध चालू नाही’ असे दोनदा सांगितलेल्या रुग्णाने तिसऱ्यांदा विचारल्यावर ‘फक्त रक्त पातळ करण्याची गोळी घेतो’ असे सांगणे आम्ही पुष्कळदा अनुभवतो, आणि डोक्याला मार लागलेला असेल तर त्या एका वाक्याने पुढचे सगळे उपचार बदलतात.

छातीत दुखते म्हणून आल्यावर पहिल्या काही मिनिटांत काय होते?

पहिल्या १० मिनिटांच्या आत ईसीजी काढून तो डॉक्टरने पाहिलेला असावा, असा नियम आहे. त्यात हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाल्याची खूण दिसली, तर रुग्ण दारात आल्यापासून ९० मिनिटांच्या आत ती अँजिओप्लास्टीने उघडण्याचे उद्दिष्ट असते, म्हणून आमची तपासणी चालू असतानाच एक फोन हृदयरोगतज्ज्ञांना गेलेला असतो. ईसीजी सामान्य आला म्हणजे हृदयविकार नाही असे मात्र सिद्ध होत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ट्रोपोनिन हे प्रथिन रक्तात वाढायला काही तास लागू शकतात, त्यामुळे ही तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. ‘पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डॉक्टर बसवून ठेवतात’ या तक्रारीचे उत्तर यात आहे.

त्याच वेळी आमच्या मनात आणखी काही जीवघेण्या शक्यता असतात. महाधमनीचा पापुद्रा फाटणे, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणे, फुप्फुसाबाहेर दाबाने हवा साठणे, हृदयाभोवती द्रव साचणे, अन्ननलिका फाटणे. वेदना फाडल्यासारखी आणि पाठीकडे जाणारी आहे का, दोन्ही हातांच्या रक्तदाबांत फरक आहे का, एक पाय सुजला आहे का, हे आम्ही पाहतो ते याचसाठी. महाधमनी फाटलेल्या माणसाला हृदयविकार समजून रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध दिले, तर ते प्राणघातक ठरू शकते. घाई करायची असते, पण ती ठरावीक गोष्टी न गाळता करायची असते. छातीत दुखण्याची बहुतेक कारणे शेवटी साधी निघतात, आणि ती साधी आहेत असे म्हणण्याचा अधिकार वरच्या शक्यता बाजूला सारल्यावरच मिळतो.

पुरेशी माहिती नसताना निर्णय कसे घेता?

बेशुद्ध माणूस आणला जातो, सोबत कुणी नसते, खिशात काही नसते. अशा वेळी सर्वांत आधी बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन साखर तपासली जाते. साखर खूप उतरली तर माणूस बेशुद्ध होतो, झटके येऊ शकतात, अगदी अर्धांगवायूसारखी एक बाजू लुळीही पडू शकते, आणि शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत तोच माणूस डोळे उघडून ‘मी कुठे आहे’ असे विचारू शकतो. स्वस्त, झटपट आणि उलटवता येण्याजोग्या कारणांपासून सुरुवात करायची, हे त्यामागचे सूत्र आहे. त्यानंतर शुद्धीची पातळी ग्लासगो कोमा स्केलवर मोजली जाते. टिझडेल आणि जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या मोजमापात डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांना गुण देऊन ३ ते १५ यांमधील आकडा मिळतो. एका आकड्यापेक्षा तो कोणत्या दिशेने सरकतो आहे हे अधिक बोलके असते. १४ वरून तासाभरात ११ वर आलेला रुग्ण आला तेव्हापासून ११ वर स्थिर असलेल्या रुग्णापेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो.

आणखी एक धोका आपल्याच डोक्यात असतो. पहिल्या नजरेत सुचलेले कारण मनात घट्ट बसते आणि पुढची माहिती आपण त्याच चौकटीत बसवू लागतो. तोंडाला दारूचा वास असलेला, असंबद्ध बोलणारा माणूस ‘प्यायलेला आहे’ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवणे अतिशय सोपे असते. पण दारू प्यायलेला माणूसच जास्त पडतो, त्याच्याच डोक्यात रक्तस्राव होण्याची शक्यता अधिक असते, आणि त्याचीच साखर उतरलेली असू शकते. म्हणून ‘याखेरीज दुसरे काय असू शकेल’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाबाबत ठरवून, मोठ्याने, सहकाऱ्यांसमोर विचारावा लागतो.

लकव्याच्या रुग्णाबाबत एवढी धावपळ का करतात?

मेंदूची रक्तवाहिनी बंद पडते तेव्हा दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तत्पूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. त्यामुळे आम्ही नातेवाइकांना सारखे विचारतो, की रुग्णाला पूर्ण धडधाकट असे शेवटचे कधी पाहिले? सकाळी उठल्यावर तोंड वाकडे दिसले, तर घड्याळ सकाळपासून मोजता येत नाही, ते रात्री झोपायला गेल्यापासून मोजावे लागते. अशा काही रुग्णांनाही विशेष स्कॅनच्या आधारे उपचार मिळू शकतात, त्यामुळे वेळ टळून गेली असे घरी बसून ठरवू नये.

हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती आत नेमके काय चाललेले असते?

बाहेरून तो गोंधळ वाटतो, आत मात्र प्रत्येकाची जागा ठरलेली असते. एक जण छातीवर दाब देतो, एक जण श्वास देतो, एक जण शिरेत सुई लावून औषधे भरतो, एक जण वेळ मोजून लिहितो आणि गटप्रमुख पायथ्याशी, शक्यतो हात मागे ठेवून, उभा राहतो. प्रमुखाने स्वतः हात घातला की त्याची नजर एका जागी अडकते, म्हणून त्याने हात न घालणे हेच त्याचे काम असते. दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा आणि प्रौढ माणसात ५ ते ६ सेंटीमीटर खोल द्यायचा असतो. हे अतिशय थकवणारे काम आहे, दर दोन मिनिटांनी दाब देणारा बदलावा लागतो, आणि पहिल्या काही दाबांत हाताखाली बरगडी मोडल्याचे जाणवते तेव्हा नवखा डॉक्टर हमखास दचकून थांबतो. अशा वेळी शेजारच्याने शांतपणे ‘चालू ठेव’ म्हणायचे असते. दर तीन ते पाच मिनिटांनी एक मिलिग्रॅम ॲड्रेनॅलिन दिले जाते, आणि त्याच वेळी प्रमुख मोठ्याने कारणे तपासत जातो: प्राणवायू कमी पडला आहे का, रक्त गेले आहे का, पोटॅशियम बिघडले आहे का, शरीर थंड पडले आहे का, फुप्फुसाबाहेर हवा, हृदयाभोवती द्रव, गुठळी किंवा विष यांपैकी काही आहे का.

पडद्यावरच्या कथांत मॉनिटरवरील सरळ रेषेला विजेचा झटका देऊन माणूस उठून बसतो. वास्तवात सरळ रेषेला झटक्याचा उपयोग नसतो. झटका हृदयाचे विस्कळीत कंपन थांबवण्यासाठी असतो, आणि जिथे विद्युतक्रियाच नाही तिथे दाब, ॲड्रेनॅलिन आणि कारणाचा शोध एवढेच हाती असते.

अशा वेळी नातेवाइकांना आत येऊ देतात का?

शक्य असेल तिथे द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र त्यांच्यासोबत उभे राहून काय चालले आहे ते सांगणारी एक व्यक्ती हवी. फ्रान्समध्ये घरी हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना उपस्थित राहण्याची संधी देण्यात आली त्यांच्यात पुढे मानसिक आघाताची लक्षणे कमी होती आणि उपचारांत अडथळाही आला नाही. आपल्या माणसासाठी सगळे प्रयत्न झाले हे डोळ्यांनी पाहिलेले असणे पुढे फार आधार देते. ज्यांना पाहायचे नसेल त्यांच्यावर अर्थातच जबरदस्ती नसावी.

मृत्यूची बातमी कशी सांगता?

आधी ज्यांना सांगायचे ते कोण आहेत, मृताचे कोण लागतात आणि त्यांना आतापर्यंत काय माहीत आहे, हे विचारून घ्यावे लागते. उभ्या उभ्या, व्हरांड्यात सांगायचे नसते. खोली हवी, खुर्च्या हव्यात, आपला फोन दुसऱ्याकडे दिलेला हवा, आणि अंगावरच्या कपड्यांवर रक्त नसावे. सोबत परिचारिका असावी, कारण डॉक्टरला पुढच्या रुग्णाकडे जावे लागते आणि ती थोडी अधिक थांबू शकते.

बसल्यावर रुग्णाचे नाव घ्यावे, ‘माझ्याकडे वाईट बातमी आहे’ असे म्हणून क्षणभर थांबावे आणि मग ‘त्यांचा मृत्यू झाला आहे’ हे सरळ शब्दांत सांगावे. ‘ते आता आपल्यात राहिले नाहीत’, ‘आम्ही वाचवू शकलो नाही’ अशी वाक्ये ऐकणाऱ्याला मऊ वाटतील असे आपल्याला वाटते, पण ज्या मनाला ही बातमी ऐकायचीच नसते ते त्यातून आशेची फट शोधते, आणि मग तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगण्याची वेळ येते. सांगून झाल्यावर बोलणे थांबवावे. यानंतरची शांतता असह्य होते आणि डॉक्टरला वैद्यकीय तपशील सांगत सुटण्याचा मोह होतो, तो आवरावा. कुणी रडतो, कुणी रागावतो, कुणी एखादा अगदी व्यवहारी प्रश्न विचारतो, आणि यांतली कुठलीही प्रतिक्रिया चुकीची नसते. प्रश्न आले की उत्तरे द्यावीत, ‘त्यांना त्रास झाला का’ हा प्रश्न जवळजवळ नेहमी येतो. पाहायचे असेल तर आत नेण्याआधी नळ्या, पट्ट्या काय दिसेल याची कल्पना द्यावी.

हे कौशल्य शिकता येते आणि शिकवले गेले पाहिजे. अजूनही अनेक ठिकाणी ते ज्येष्ठांना पाहून जमेल तसे उचलायचे असते याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘नेमके कारण कळले नाही’ असे सांगून घरी कसे पाठवता?

पोटदुखीचा रुग्ण घ्या. पुष्कळदा सर्व तपासण्यांनंतरही नेमके कारण सापडत नाही, पण अपेंडिक्स, आतड्याची अडचण, महाधमनीचा फुगा, गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा यांसारख्या धोक्यांची शक्यता फार कमी उरते. त्या टप्प्यावर घरी जाणे सुरक्षित असते. आमच्याकडून मात्र एक गोष्ट त्याला मिळालीच पाहिजे: कोणती लक्षणे दिसली तर पुन्हा यायचे, किती तासांत, आणि कुणाकडे. अपेंडिक्सची सूज सुरुवातीच्या तासांत बेंबीभोवतीच्या साध्या दुखण्यासारखी वाटू शकते आणि नंतर उजवीकडे खाली सरकते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणे हीदेखील एक तपासणीच आहे. पुन्हा यायला संकोच करू नये.

विभाग कायम एवढा भरलेला का असतो?

किरकोळ तक्रारी घेऊन येणाऱ्यांमुळे गर्दी होते, असा सार्वत्रिक समज आहे. असे रुग्ण वेळ घेतात हे खरे, पण ते लवकर मोकळेही होतात. खाट अडते ती दाखल करण्याचा निर्णय झालेल्या आणि वॉर्डात जागा नसल्यामुळे आमच्याकडेच राहिलेल्या रुग्णांमुळे. वॉर्डातला बरा झालेला रुग्ण घरी गेला नाही, की आमचा रुग्ण वर जात नाही, आणि मग रुग्णवाहिकेतून आलेला रुग्ण स्ट्रेचरवर थांबतो. म्हणजे दारातली रांग पुष्कळदा इमारतीच्या दुसऱ्या टोकाला तयार झालेली असते. तासन्‌तास स्ट्रेचरवर पडून राहिलेल्या वृद्धाला भ्रम होणे, पाठीवर व्रण पडणे, नेहमीच्या औषधांची वेळ चुकणे असे प्रकार घडतात, आणि तेच डॉक्टर-परिचारिका त्यांचीही काळजी घेत नव्या रुग्णांकडे धावत असतात. हा प्रश्न केवळ आपत्कालीन विभागाने कंबर कसून सुटणारा नाही, तो संपूर्ण रुग्णालयाने आपला मानला तरच सुटतो.

नातेवाईक चिडतात तेव्हा काय करता?

बहुतेक रागाच्या मुळाशी भीती असते आणि भीतीच्या मुळाशी माहिती न मिळणे असते. दर काही वेळाने बाहेर जाऊन ‘अजून अहवाल आलेला नाही, साधारण तासाभरात येईल, तोवर त्यांची स्थिती अशी आहे’ एवढे सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. बसून बोलणे, आवाज खाली ठेवणे, एका वेळी कुटुंबातील एकाशी बोलणे यांचाही उपयोग होतो. तरीही हिंसेला कामाचा भाग मानायला मी तयार नाही. धमकी किंवा धक्काबुक्की झाली तर सुरक्षारक्षक बोलावणे, नोंद करणे आणि संस्थेने कर्मचाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे आवश्यक आहे, कारण घाबरलेला डॉक्टर त्याच खोलीतल्या इतर रुग्णांचीही नीट काळजी घेऊ शकत नाही.

रात्रपाळीचा शरीरावर काय परिणाम होतो?

पहाटे तीन ते सहाच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सतर्कता सर्वांत खालच्या पातळीवर असते, आणि कितीही सवय झाली तरी हे पूर्णपणे बदलत नाही. म्हणून त्या वेळेत औषधाची मात्रा दोघांनी मिळून तपासणे, गुंतागुंतीचा निर्णय सहकाऱ्याला मोठ्याने सांगून पाहणे, जमल्यास वीस मिनिटांची डुलकी घेणे या गोष्टींना आळस समजू नये. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या भागात घ्यावी, नाहीतर सकाळची झोप जाते. सर्वांत धोकादायक भाग पाळी संपल्यावर येतो: झोपाळलेल्या अवस्थेत स्वतः गाडी चालवत घरी जाणे शक्यतो टाळावे.

ही शाखा स्वतंत्र विषय म्हणून कधीपासून आहे?

फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये १९५२ मध्ये लीड्स येथे मॉरिस एलिस यांची पूर्णवेळ कॅज्युअल्टीसाठी नेमणूक झाली आणि १९६७ मध्ये अशा डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. अमेरिकेत पहिला निवासी अभ्यासक्रम १९७० मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात सुरू झाला आणि १९७९ मध्ये स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. त्याआधी बहुतेक ठिकाणी हे दार सर्वांत कमी अनुभवाच्या डॉक्टरच्या भरवशावर असे.

या कामाने माणूस खचतो का?

खचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचे वर्णन नीट न हाताळल्या गेलेल्या कामाच्या ताणातून येणारी अवस्था असे केले. तिच्या तीन खुणा सांगितल्या जातात: कमालीचा थकवा, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. आमच्या विभागात दुसरी खूण आधी दिसते, असे माझे निरीक्षण आहे. एरवी प्रेमळ असलेला सहकारी रुग्णाचा उल्लेख नावाऐवजी खाटेच्या क्रमांकाने आणि तुच्छतेने करू लागला, की त्याच्याशी बोलण्याची वेळ झालेली असते. लहान मुलाच्या मृत्यूनंतर गटाला दहा मिनिटे एकत्र बसवणे, काय झाले ते बोलू देणे आणि ज्याला गरज आहे त्याला काही वेळ कामातून मोकळे करणे हे अत्यंत आवश्यक आहे, आणि नेमके तेच गर्दीमुळे राहून जाते.

ही शाखा कुणी निवडावी?

ज्याला सगळ्या विषयांचे थोडे थोडे आणि धोक्याचे सगळे माहीत करून घ्यायला आवडते, ज्याला अपूर्ण चित्रावर निर्णय घेऊन नवी माहिती मिळताच तो बदलण्यात कमीपणा वाटत नाही, आणि ज्याला परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय यांच्याबरोबर एका गटात काम करणे मनापासून भावते, त्याने जरूर विचार करावा. रुग्णाचे पुढे काय झाले हे इथे अनेकदा कळत नाही. ज्यांना एकाच रुग्णाशी वर्षानुवर्षांचे नाते हवे असते त्यांना ही उणीव खूप जाणवते. निर्णय घेण्याआधी निदान काही सलग पाळ्या, त्यांत रात्रपाळ्याही, विभागात काढाव्यात.

आपत्कालीन विभागात येताना सोबत काय आणावे?

चालू असलेल्या औषधांची यादी, आणि यादी नसेल तर औषधेच पिशवीत घालून आणावीत. जुना ईसीजी घरी असेल तर तो सोन्याच्या मोलाचा ठरतो, कारण आजचा बदल नवा आहे की जुना हे त्यावरून लगेच कळते. ॲलर्जी, आधीच्या शस्त्रक्रिया आणि लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून आणावी. शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता असेल तर तपासणी होईपर्यंत रुग्णाला खायला-प्यायला देऊ नये. अपघाताने किंवा अन्य कारणाने कुणी औषध वा विषारी पदार्थ घेतला असेल, तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता लगेच निघावे आणि त्याची बाटली, पाकीट जसे असेल तसे आणावे. पॅरासिटामॉलच्या जादा मात्रेनंतर पहिला दिवस माणसाला फारसे काही होत नाही, यकृताची हानी नंतर दिसू लागते, आणि तिच्यावरचा उतारा आठ तासांच्या आत सुरू केला तर सर्वांत चांगला लागू पडतो. त्यामुळे रुग्ण ठीक दिसत असला तरी, गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि त्या घेतल्याची अंदाजे वेळ यांवरूनच आम्ही पुढचे उपचार ठरवतो.